मनाचा तोल

शांत मनुष्य म्हणजे ज्याला कांहींच वाटत नाहीं तो, अशी समजूत विद्यार्थ्यांत पुष्कळदां आढळते. पण दगडही शांतच असतो. त्यास कोणी स्थिरबुद्धि म्हणत नाहीं. या दोहोंतील भेद न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रांत चांगला दिसतो.

सन १८७९ च्या मे महिन्यांत पुण्यांतील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांस आग लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस. सरकार संशयानें ग्रासलेलें. रानडे यांची धुळ्यास बदली झाली. तेथें त्यांचीं पत्रें फोडून वाचलीं जात. इतकेंच नव्हे, तर बंडखोरांच्या नांवानें त्यांस पत्रेंही येऊं लागलीं. दुसरा कोणी असता तर त्यानें तीं घाबरून जाळलीं असतीं, किंवा संतापून राजीनामा पाठविला असता. रानडे तीं पोलिसांकडे पाठवून देत व आपल्या कामास लागत. अपमान त्यांस कळत नव्हता असें नाहीं. परंतु स्वतःच्या निर्दोषपणाचा डांगोरा पिटण्याची त्यांस गरज भासली नाहीं. संशय पुढें आपोआप फिटला, व १८९३ सालीं ते मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

सरकारचा रोष सोसणें एक वेळ सोपें. स्वकीयांचा सोसणें कठीण. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं मंडळींस चहा देण्यांत आला. त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं आणि बहिष्काराचें प्रकरण उभें राहिलें. पुढें मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून रानडे यांनीं प्रायश्चित्त घेतलें. सुधारकांनीं त्यांस भित्रे ठरविलें. खुद्द रमाबाईंसही तें रुचलें नाहीं. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनीं हें लपविलेलें नाहीं. आमच्या मतें येथें त्यांच्या तत्त्वास थोडा बाध आला खरा. मनाचा तोल मात्र ढळला नाहीं. शूर म्हणवून घेण्याची हौस बहुतेकांस सुटत नाहीं; मित्रांसाठीं चारचौघांत लहान ठरणें त्यांस साधलें.

त्यांच्या बालपणाची एक गोष्ट सांगतात. सोंगट्या खेळावयास कोणी नसलें म्हणजे ते घरांतील खांबास भिडू करीत. खांबाचे फांसे उजव्या हातानें टाकीत, स्वतःचे डाव्या हातानें. एकदां खांबानें डाव जिंकला. खांबाकडून हरलास काय, म्हणून मोठीं माणसें हंसूं लागलीं. त्याचे फांसे चांगले पडले, असें सांगून मुलानें पुन्हा सोंगट्या मांडल्या.