तलवार आणि मेंढपाळाची काठी

(अभ्यासलेख : वुर्त्सबुर्गचे बिशप रुडॉल्फ फॉन शेरेनबर्ग)



दृढीकरणाच्या संस्कारासाठी बिशप आपल्या चर्चमध्ये येतात तेव्हा त्यांच्या हातात वरच्या टोकाला वळलेली उंच काठी असते. ही काठी कशाला, असे मुले हमखास विचारतात. बिशप म्हणजे मेंढपाळ, असे आपण त्यांना सांगतो. आज आपण अशा एका बिशपांची ओळख करून घेऊ, ज्यांच्या एका हातात ही काठी होती आणि दुसऱ्या हातात तलवार.

जर्मनीतील वुर्त्सबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये एका खांबाशी लाल संगमरवराचे समाधिशिल्प उभे आहे. टिलमन रीमेनश्नायडर या थोर शिल्पकाराने ते १४९६ ते १४९९ या काळात घडवले. बिशपांचा चेहरा त्याने गुळगुळीत केलेला नाही. नव्वदी ओलांडलेल्या माणसाच्या सुरकुत्या आणि खोल गेलेले गाल जसेच्या तसे कोरले आहेत. हातात तलवार आणि काठी, दोन्ही आहेत.

उमराव घराण्यातील बिशप

रुडॉल्फ यांचा जन्म १४०१ च्या सुमारास फ्रांकोनिया प्रांतातील एका उमराव घराण्यात झाला. त्या काळी वुर्त्सबुर्गचे बिशप हे राजेही असत. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने ११६८ मध्येच त्यांच्या राजकीय अधिकारावर शिक्कामोर्तब केले होते. कर घेणे, न्याय देणे, सैन्य ठेवणे ही सारी कामे बिशपांकडे होती. त्यांची निवड कॅथेड्रलचे पुरोहितमंडळ करी आणि त्या मंडळात उमरावांचीच मुले असत. शेतकऱ्याच्या मुलाला तेथे जागा नव्हती.

रुडॉल्फ १४६६ मध्ये बिशप झाले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आधीच्या काही बिशपांच्या उधळपट्टीमुळे आणि लढायांमुळे धर्मप्रांत कर्जात बुडाला होता. गावे आणि किल्ले गहाण पडले होते. त्यांनी खर्चाला आळा घातला, कर वसूल केले आणि गहाण पडलेली मालमत्ता एकेक करून सोडवली. १४९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे २९ वर्षे, त्यांनी कारभार सांभाळला.

उपासनेकडेही त्यांचे लक्ष होते. हाताने उतरवलेल्या प्रार्थनाग्रंथांत चुका शिरत आणि एका चर्चमधला पाठ दुसऱ्या चर्चमधल्या पाठाशी जुळत नसे. म्हणून त्यांनी गेओर्ग रायझर या मुद्रकाला वुर्त्सबुर्गला बोलावले. १४७९ मध्ये धर्मगुरूंचा दैनिक प्रार्थनाग्रंथ आणि १४८१ मध्ये मिस्साग्रंथ छापून निघाला. मुद्रणकला तेव्हा नवीन होती. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नवे साधन हाती घेणारे हे बिशप होते, हे विसरून चालणार नाही.

१४७६ चा उन्हाळा

याच बिशपांच्या आयुष्यात एक काळे पानही आहे. निक्लासहाउझेन या लहानशा गावी पवित्र मारियेचे चर्च होते. हान्स ब्योम नावाचा तरुण तेथे मेंढरे राखी आणि लोकांच्या करमणुकीसाठी ढोल वाजवी. १४७६ च्या उपवासकाळात त्याने आपला ढोल जाळला आणि मारियामातेने दर्शन दिल्याचे सांगून तो प्रवचने करू लागला. पश्चात्ताप करा, असे तो सांगे. रानातले लाकूड आणि नदीतले मासे सर्वांचे आहेत, दशांशाची सक्ती नको, उमरावांनीही रोजंदारीने काम करावे, असेही तो म्हणे. धर्मगुरूंवरही तो तिखट टीका करी. हजारो गोरगरीब त्याच्याकडे लोटले.

१२ जुलैच्या रात्री बिशपांच्या घोडेस्वारांनी त्याला पकडून मारियेनबर्ग किल्ल्यात नेले. त्याच्या सुटकेसाठी हजारो माणसे किल्ल्याखाली जमली. अनेकांच्या हातात मेणबत्त्या होत्या. त्यांना समजावून आणि तोफांचा धाक दाखवून परत पाठवण्यात आले. परतणाऱ्यांवर मात्र घोडेस्वार घालण्यात आले आणि काहींचा जीव गेला. १९ जुलै रोजी हान्सला पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले. पुढच्या वर्षी माइन्ट्सच्या आर्चबिशपांच्या आदेशाने ते चर्चही पाडण्यात आले.

हान्सचे सारेच बोलणे बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. दर्शनाचे दावे ख्रिस्तसभा आजही तपासून पाहते. परंतु कराच्या ओझ्याखाली लोक का वाकले आहेत, हे विचारण्याऐवजी येथे शिक्षा आली. मेंढपाळाची काठी हातात असताना तलवार उगारली गेली, आणि तीही एका मेंढपाळावर.

दाबलेला आवाज संपत नाही. जवळपास ५० वर्षांनी, १५२५ मध्ये, जंगल, मासे आणि दशांश याच मागण्या घेऊन जर्मनीतील शेतकरी उठले आणि मारियेनबर्ग किल्ल्याला वेढा पडला. बंड मोडल्यावर शहरातील कारभाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. त्यांत रुडॉल्फ यांचा चेहरा कोरणारा रीमेनश्नायडरही होता. त्याला त्याच किल्ल्यात डांबून त्याचा छळ करण्यात आला.

आपल्यासाठी बोध

१८०३ मध्ये जर्मनीतील बिशपांची राजसत्ता संपली. तलवार गेली, काठी राहिली. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली वापरल्या गेलेल्या असहिष्णू मार्गांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. आपल्या इतिहासातील पाप मान्य केल्याने श्रद्धा दुबळी होत नाही.

बिशप रुडॉल्फ दुष्ट नव्हते. ते कष्टाळू, काटकसरी आणि उपासनेची कळकळ असलेले होते. म्हणूनच त्यांचे जीवन आपल्याला सावध करते. हिशेब चोख असूनही दाराशी आलेल्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकायचे राहून जाऊ शकते. घरात वडीलधारे म्हणून, मंडळात पदाधिकारी म्हणून किंवा कामावर साहेब म्हणून आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती थोडीफार सत्ता असते. योहानच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाचा उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो. तो अध्याय या आठवड्यात घरी एकत्र वाचावा.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या हाती कोणता अधिकार आहे? मी तो काठीसारखा वापरतो की तलवारीसारखा?

२. कुणाचे बोलणे कटू वाटले म्हणून मी त्यातले खरे ऐकायचे टाळले का?

३. आपल्या धर्मग्रामात कोणाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही?