गोटी दोन्ही टोकांकडून पाहा

प्रश्न : माझी लेक अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबसला राहते. तिथे एका घरासमोर मांडलेल्या जुन्या सामानात तिला काचेच्या गोट्यांनी भरलेली बरणी मिळाली. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, “यंत्रावर केलेल्या आहेत, पण जुन्या आहेत.” यंत्रावर केल्या असतील तर एकीसारखी दुसरी का नाही? आणि त्यांतली जुनी कोणती, हे ओळखायचं कसं? माझ्याकडे वडिलांच्या दुकानातल्या गोटी सोड्याच्या दोन-तीन बाटल्या आहेत. त्यांतल्या गोट्यांनाही काही मोल असतं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या पहिल्या शंकेतच दुसरीचं उत्तर आहे. यंत्र गोटीला गोलाई देतं, नक्षी देत नाही. वितळलेली काच यंत्रावर पोचण्याआधी कशी ओघळली, कुठे वळली, कुठे कापली गेली, याची खूण म्हणजे ती नक्षी. दर गोळ्याचं ओघळणं थोडं वेगळं, म्हणून दर गोटी वेगळी. लेकीला सांगा, आधी रंगांवर भाळू नकोस. प्रत्येक गोटी हळूहळू फिरवून पट्टे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, ती दोन टोकं शोध.

टोकाशी खरखरीत किंवा घासून सपाट केलेला डाग लागला, तर ती गोटी हाताची समजावी. सळईपासून तोडल्याची ती खूण असते. अशा गोट्यांचं माहेर जर्मनीतलं लाउशा गाव. तिथे १८४६च्या सुमारास गोटी कापायची खास कात्री निघाली आणि पुढे अनेक दशकं अमेरिकेतली मुलं जर्मन गोट्यांनीच खेळली.

यंत्राची गोष्ट तुमच्या लेकीच्याच राज्यातली आहे. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावच्या मार्टिन क्रिस्टेन्सन यांना गोल वस्तू घडवणाऱ्या यंत्राचं पेटंट १९०५ साली मिळालं. खाचा असलेल्या फिरत्या चाकांमध्ये काचेचा गोळा सर्व बाजूंनी गोल होई, आणि डाग उरत नसे. पण त्यांच्या कारखान्यात काच अजून माणसाच्याच हातून येत होती. एकाच्या सळईवरून ती काकवीसारखी ओघळे, दुसरा ती कात्रीने तोडून यंत्रावर सोडी. सळई धरणाऱ्याचं मनगट वळे, तसा पांढऱ्या काचेचा पट्टा गोटीच्या एका टोकावर इंग्रजी नवाच्या आकड्यासारखा वेटोळा घेई. दुसऱ्या टोकाला कापल्याची बारीक सुरकुती किंवा शेपटी राही. पहिल्या महायुद्धात नैसर्गिक वायूची टंचाई झाली आणि १९१७ साली हा कारखाना बंद पडला. बरणीत असा नवाचा वेटोळा दिसला तर ती गोटी आधी बाजूला काढून कापडात गुंडाळा. शंभर वर्षांमागच्या एका कामगाराच्या मनगटाची हालचाल त्या काचेत जशीच्या तशी आहे. यंत्राच्या गोट्यांमध्ये मला याहून मोलाचं काही वाटत नाही.

प्रत्यक्षात बरणीत जास्त सापडतील त्या अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनीच्या. हीही अ‍ॅक्रनची, पण १९१४ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१पर्यंत चालली. तिच्या पीळदार गोट्यांना संग्राहक ‘कॉर्कस्क्रू’ म्हणतात. भट्टीच्या तोंडाखाली काचेच्या धारेलाच पीळ दिला जाई, मग तिचे तुकडे मळसूत्री खाचांच्या रुळांवरून घरंगळत थंड होत. त्यामुळे रंगाची पट्टी एका टोकाला सुरू होते आणि वळसे घेत दुसऱ्या टोकाला पोचते. वाटेत स्वतःला कुठेही येऊन मिळत नाही. ही एकच कसोटी नीट बसली की निम्मी ओळख झाली. नवख्याने संग्रह कॉर्कस्क्रूपासूनच सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. त्या भरपूर आहेत, साध्या रंगांच्या परवडतात, आणि नजर तयार करतात.

क्रिस्टेन्सन अ‍ॅगेट ही कंपनी मात्र निराळी. नाव सारखं असलं तरी मार्टिन क्रिस्टेन्सन यांच्या घराण्याशी तिचा संबंध नव्हता. १९२५ ते १९३३ एवढंच तिचं आयुष्य, तेही ओहायोतच. डोळे दिपवणारे केशरी-पिवळे रंग, ज्वाळांसारख्या निमुळत्या रेघा, आणि पारदर्शक काचेवर रंगीत ठिपके विखुरलेली ‘गिनी’ ही तिची ओळख. गिनीला भाव फार, म्हणून नकलाही फार. स्वस्तात मिळाली तर शंका घ्या.

इलिनॉयच्या ऑटवा गावातल्या पेल्टियर कंपनीच्या गोट्यांवर पट्टे सरळ, समांतर उतरतात; बेटी बूपसारख्या १२ चित्रकथापात्रांची छापील चित्रं असलेल्या गोट्याही त्यांच्याच. पिवळी-काळी ‘बंबलबी’ दिसली तर ती बहुधा मार्बल किंग कंपनीची, म्हणजे १९४९नंतरची. आत पाकळ्या असलेली ‘मांजरडोळा’ गोटी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानहून आली आणि अमेरिकेतल्या कारखान्यांचा धंदा तिने हलवून सोडला. आपण लहानपणी खिशात बाळगल्या त्याही बहुतेक याच धाटणीच्या. बरणीतल्या मांजरडोळ्यांवर फार वेळ घालवू नका.

जांभळ्या प्रकाशाच्या विजेरीखाली काही गोट्या हिरव्या चमकतात. काचेत युरेनियम असल्याचं ते लक्षण असू शकतं. पण चमकली म्हणजे जुनी, असा सरळ हिशेब नाही. टोकं काय सांगतात तेच आधी धरावं.

ओळख पटल्यावर प्रश्न उरतो प्रकृतीचा, आणि भाव तिथेच ठरतो. खिडकीच्या उजेडात दहापट भिंगातून पाहा. टवका उडालेला चटकन कळतो. पृष्ठभागाखाली दडलेली चंद्रकोरीसारखी चीर कळत नाही. ती दुसऱ्या गोटीचा टोला बसल्याची. भट्टीतच पडलेली सुरकुती किंवा थंड होतानाची रेघ हा दोष धरत नाहीत. घासून, पॉलिश करून चकचकीत केलेली गोटी मात्र संग्राहक कमी भावाने घेतात, कारण मूळ कातडी गेलेली असते. म्हणून लेकीने काहीही घासू नये. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं पुरे. कढत पाणी नको. काचेला एकदम ताप सोसत नाही. बरणीतही ठेवू नका, गोट्या एकमेकींवर आपटून खराब होतात. कप्प्यांच्या डब्यात एकेक ठेवा, आणि व्हर्नियरने माप घेऊन चिठ्ठीवर लिहा. साधी गोटी सुमारे १६ मिलिमीटरची असते. तीच जात मोठ्या मापात मिळाली तर दुर्मीळ. कोलंबसहून अ‍ॅक्रन मोटारीने साधारण दोन तासांवर आहे. तिथलं अमेरिकन टॉय मार्बल म्युझियम सुरू आहे का हे आधी विचारून घ्यावं, आणि असेल तर एकदा जरूर जावं. खात्रीच्या गोट्या पाहिल्या की हातातली लवकर उमगते.

आता तुमच्या बाटल्या. ही रचना हायरम कॉड या इंग्रज गृहस्थांची, १८७०च्या दशकातली. सोड्याच्या वायूचा दाब गोटीला तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट बसवतो, म्हणून त्या गोटीला फक्त चोख गोलाई लागते. रंग घालण्याचं कारणच नव्हतं. तिची हिरवट झाक वाळूतल्या लोहाची. नक्षी नाही, त्यामुळे सुटी गोटी कोणत्या कारखान्यातली हे सांगणं अवघड, आणि तिला भावही नाही. संग्राहक बाटली घेतात, तीही गोटी आत असलेली. काचेत उठवलेलं सोडा कंपनीचं किंवा गावाचं नाव वाचता येतं का पाहा, रबरी कडं शाबूत असेल तर तसंच राहू द्या, आणि नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी गोटीसाठी बाटली फोडू नका.