खुणेचा दिवा

रात्र झाली. मोठा दिवा मालवला. तरी खोलीत पुरता अंधार होत नाही. टीव्हीवर एक ठिपका जळतो. वायफायच्या डब्यावर तीन-चार लुकलुकतात. इन्व्हर्टरचा निळा दिवा तर थेट डोळ्यांवर येतो. हे खुणेचे दिवे. यंत्र चालू आहे की बंद, ठीक आहे की बिघडले, हे ते सांगतात.

एवढासा दिवा, मग त्रास का व्हावा? अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. थोडा उजेडही पुष्कळ वाटतो. त्यातून निळा रंग अंधारात अधिक खुपतो. पूर्वी असे दिवे बहुधा तांबडे किंवा हिरवे असत. लख्ख निळा एलईडी दिवा जपानात १९९० नंतरच्या काही वर्षांत तयार झाला. आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना त्याबद्दल २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शोध मोठाच, पण उशाशी तो नको!

आता आमची फजिती ऐका. झोप येईना, म्हणून आम्ही सगळ्या दिव्यांवर वायरमनची काळी पट्टी चिकटवली. झोप छान लागली. पुढे एके रात्री वीज गेली, आणि इन्व्हर्टरही चालेना! बॅटरीत वीज भरलीच जात नव्हती. ते सांगणारा दिवा आमच्याच पट्टीखाली दडला होता. अंधारात घरची मंडळी उंबऱ्याला ठेचाळली. पाय महिनाभर दुखत होता. चूक यंत्राची नव्हे, आमची.

तेव्हा मंडळी, असे करा :

१. आधी यंत्राचे तोंड फिरवून पाहा. तेवढ्यानेच पुष्कळदा भागते.

२. रात्री नको असलेले यंत्र बोर्डावरच बंद करा. वीजही वाचते.

३. दिव्यावर पांढऱ्या कागदाचा लहान तुकडा चिकटवा. उजेड फार वाटला तर दुसरा लावा. जवळ गेल्यावर दिवा दिसलाच पाहिजे.

४. हवा जाण्याची भोके आणि रिमोटची खूण घेणारी काच झाकू नका. यंत्रावर कापड टाकू नका, ते तापते.

५. आजाऱ्याच्या यंत्राचा दिवा मुळीच झाकू नका.

६. दिवा काढण्यासाठी यंत्र उघडू नका. आत विजेचा धक्का बसतो.

दिवा मंद करावा, आंधळा करू नये.

प्रश्न : तुमच्या घरी रात्री किती खुणेचे दिवे जळतात? प्रत्येक दिवा काय सांगतो, ते वहीत लिहा.