दुभत्या जनावरांचा कासदाह व संयुक्त प्रतिजैविकाचा वापर

गाईची अथवा म्हशीची कास सुजून गरम व टणक झाली, धार काढताना जनावर लाथ मारू लागले आणि दुधात गुठळ्या किंवा रक्ताची छटा दिसली, म्हणजे शेतकरी हा रोग तत्काळ ओळखतो. यास कासदाह म्हणतात. खेडोपाडी तो दगडी या नावानेही परिचित आहे. वेळीच व पुरेसा उपचार न झाल्यास रोगट सड कायमचा निकामी होतो व चार सडांचे जनावर तीन सडांवर येते. अशा जनावरास बाजारात काय भाव मिळतो, हे शेतकऱ्यांस सांगावयास नको.

हा रोग बहुधा सडाच्या छिद्रातून आत शिरणाऱ्या जंतूंमुळे होतो. सन १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी शोधलेले पेनिसिलिन हे अशा जंतूंवरील मोठे अस्त्र ठरले. पुण्याजवळ पिंपरी येथील सरकारी कारखान्यात त्याचे उत्पादन १९५५ साली सुरू झाले. परंतु काही जंतू पेनिसिलिनचा नाश करणारा एक पाचक रस स्वतःच तयार करतात, ही गोष्ट ऑक्सफर्ड येथील अब्राहम व चेन या शास्त्रज्ञांनी १९४० सालीच दाखवून दिली होती. कासदाहाचे पुष्कळसे जंतू याच जातीचे असतात. त्यांच्यावर नुसते पेनिसिलिन किंवा त्याच कुळातील ॲमॉक्सिसिलिन टोचले, तर औषध वाया जाते आणि जंतू तसाच राहतो.

यावर उपाय म्हणून संयुक्त औषध निघाले. त्यात ॲमॉक्सिसिलिनच्या जोडीस क्लॅव्हुलॅनिक आम्ल असते. या आम्लाच्या अंगी जंतू मारण्याची शक्ती फारच अल्प असते. त्याचे काम जंतूच्या त्या रसाला गुंतवून निकामी करण्याचे. एकाने वाटेतील धोंडे उचलावेत आणि दुसऱ्याने मागून नांगर चालवावा, तसा हा प्रकार होय. मात्र धोंड्यांऐवजी वाटेत कातळ असला, तर ही जोडीही थकते. काही जंतूंनी याही औषधास दाद न देण्याचे मार्ग काढले आहेत. शिवाय कासदाह कधी कधी बुरशीजन्य असतो व त्यावर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग होत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या म्हशीस ज्या ट्यूबने गुण आला तीच आपल्या गाईस आणणे हा उपचार नव्हे. औषध पशुवैद्यानेच लिहून द्यावे, आणि शक्य असेल तेथे पहिली मात्रा देण्यापूर्वी दुधाचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन तपासणीस पाठवावा. औषध दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यातून जंतूंचा पत्ता लागणे कठीण होते.

सडात ट्यूब सोडण्याचे काम वरवर सोपे दिसते. पुष्कळ नुकसान येथेच होते. प्रथम हात साबणाने धुवावेत. ज्यांस पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्यांनी हे औषध हाताळूच नये. सडातील दूध पूर्णपणे काढून टाकावे. गुठळ्या आत राहिल्यास औषध रोगट भागापर्यंत पोचत नाही. नंतर सड कोरडा करून त्याचे टोक स्पिरिटच्या कापसाने पुसावे, कापूस स्वच्छ निघेपर्यंत. ट्यूबचे तोंड कोठेही टेकू न देता छिद्रात थोडेच सरकवावे, औषध सावकाश दाबावे व सड खालून वर हलकेच चोळावा. एक ट्यूब एकाच सडासाठी असते. अर्धी या सडात व अर्धी त्या सडात, अशी काटकसर करू नये. मळक्या हाताने सोडलेल्या ट्यूबबरोबर बुरशी आत जाते आणि साध्या कासदाहाचा असाध्य कासदाह होतो.

दोन मात्रांनंतर सूज उतरते, दूध पांढरे दिसू लागते, आणि उरलेली ट्यूब पुढच्या वेळेस उपयोगी पडेल म्हणून कोनाड्यात ठेवली जाते. सूज उतरली तरी कासेच्या आत जंतू शिल्लक असतात. पशुवैद्याने सांगितलेल्या सर्व मात्रा ठरलेल्या अंतराने पूर्ण कराव्यात. याउलट दोन दिवसांत काहीच उतार न पडल्यास आपल्या मनाने औषध न बदलता पशुवैद्यास पुन्हा बोलवावे. जनावराने चारा सोडला, ताप चढला किंवा कास थंड पडून काळीनिळी दिसू लागली, तर नुसत्या ट्यूबवर विसंबून न राहता त्याच घटकेस दवाखाना गाठावा.

घरात माणसांसाठी आणलेल्या याच नावाच्या गोळ्या मोठ्या जनावरास चारणे हा तर दुहेरी तोटा होय. जनावराचा चारा कोठीपोटातील उपयुक्त जंतूंमुळे पचतो. तोंडावाटे दिलेले प्रतिजैविक त्यांनाच आधी मारते.

आता दुधाविषयी. उपचार चालू असताना व त्यानंतर काही काळ औषध दुधात उतरते, आणि तेही केवळ रोगट सडाच्या नव्हे. चारही सडांचे दूध वगळावे लागते. उकळल्याने हे औषध खात्रीने नाहीसे होत नाही. असे दूध विरजले तर दही नीट लागत नाही, हा अनुभव पुष्कळ घरांत येतो. सहा लिटर देणारी म्हैस आठ दिवस वगळली, तर अठ्ठेचाळीस लिटरांचे नुकसान होते व ते खरोखरच जड जाते. पण तिचे दूध संकलन केंद्रातील चाळीस लिटरांच्या कॅनमध्ये गेले, तर इतरांचे चांगले दूधही बिघडते व ते पिणाऱ्या ॲलर्जीच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. ते वासरासही पाजू नये.

किती दिवस थांबावयाचे ते वेष्टनावर पाहावे. भारतात २०१२ पासून ही मुदत छापणे बंधनकारक आहे. औषधाची मुदत निश्चित झालेली नसेल, तर दुधासाठी किमान ७ व मांसासाठी किमान २८ दिवस धरण्याचा नियम आहे. मोजणी पहिल्या नव्हे, शेवटच्या मात्रेपासून करावी. जनावराच्या मागल्या पायास रंगीत फीत बांधावी व शेवटच्या मात्रेची तारीख आणि वेळ गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावी, म्हणजे धार काढावयास घरातील दुसरे कोणी बसले तरी चूक होणार नाही.