समूहाचं डोमेन आणि सर्व्हर कुठे घ्यावा?

सर्व्हर उद्या दुसरीकडे हलवता येतो, सभासदांना कळतही नाही. डोमेन बदललं की मात्र जुन्या लिंका, ईमेल, गूगलवरची ओळख सगळंच तुटतं. म्हणून नावाला जास्त वेळ द्या.

१. सुचलेलं नाव चार जणांना फोनवर फक्त तोंडी सांगा आणि रोमन लिपीत टाइप करून पाठवायला लावा. 'वाडा' इतका साधा शब्द, पण कुणी व्ही लावतो, कुणी डब्ल्यू, कुणी 'ए' एकदा, कुणी दोनदा. चौघांचं स्पेलिंग जुळलं तर नाव पक्कं करा. जुळलं नाही आणि तरी तेच हवं असेल, तर दुसरं प्रचलित स्पेलिंगही विकत घेऊन मुख्य नावाकडे वळवा. आकडे आणि जोडरेघ नको.

२. आता डॉटनंतरचा भाग. दोन अक्षरांचा असेल तर तो बहुधा एखाद्या देशाचा असतो आणि तिथलं सरकार म्हणेल तसं चालतं. 'डॉट एएफ' अफगाणिस्तानचं. 'क्विअर डॉट एएफ' हा मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावरचा समूह ऐकायला झकास नाव म्हणून तिथे गेला होता; फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या मंत्रालयाने ते नाव बंद केलं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या हजारो लोकांची 'डॉट ईयू' नावंही अशीच गेली. गमतीखातर परक्या देशाचं डोमेन घेऊ नका. महाराष्ट्रातल्या समूहाला 'डॉट इन' किंवा 'डॉट ऑर्ग' उत्तम. देवनागरीतलं 'डॉट भारत' जरूर घ्या, पण जोडीला. अनेक फॉर्म आणि ईमेल सेवा ते अजून स्वीकारत नाहीत.

३. नोंदणी संस्थेच्या नावावर करा. उत्साही कार्यकर्ता स्वतःच्या नावाने डोमेन घेतो, पुढे परदेशी जातो, कार्ड बंद होतं आणि नूतनीकरणाची तारीख टळते. दोन पदाधिकाऱ्यांकडे प्रवेश हवा. नोंदणीला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की इशारा देणारी मेलही पोचणार नाही.

४. सर्व्हरसाठी सभासद कुठे बसतात ते मोजा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. केबल वळणं घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. एका क्लिकमागे अशा अनेक फेऱ्या होतात. बहुतेक मंडळी पुण्या-नाशकातली असतील तर मुंबईतलाच सर्व्हर घ्या. निम्मी न्यू जर्सीत असतील तर लंडन किंवा फ्रँकफर्ट दोघांनाही मधलं पडतं, आणि फोटो सीडीएनवर, म्हणजे जगभर प्रती ठेवणाऱ्या सेवेवर, ठेवता येतात. आधी महिनाभरासाठी सगळ्यात लहान सर्व्हर भाड्याने घ्या आणि गावाकडच्या सभासदांना रात्री नऊ वाजता मोबाइल डेटावर वापरून बघायला सांगा. ऑफिसच्या वायफायवरची चाचणी उपयोगाची नाही.

५. युरोपातल्या लोकांना सभासद करून घेत असाल तर सर्व्हर मुंबईत असला तरी तिथला जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू होऊ शकतो. जाणकाराला विचारून घ्या.

६. बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नका. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांचं दोन्ही गेलं. बॅकअप दुसऱ्या शहरात, शक्यतो दुसऱ्या कंपनीकडे ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तो उतरवून खरंच चालतो का ते बघा.