गरोदरपणात पोळी-भात बंद करावा का?

प्रश्न : सहावा महिना आहे. साखर वाढल्यामुळे पोळी-भात सोडलाय. चालेल?

उत्तर : नाही, अगदी बंद करू नका. गरोदरपणात दिवसाला साधारण 175 ग्रॅम कर्बोदकं लागतात. बाळाचा मेंदू मुख्यतः ग्लुकोजवरच पोसतो. कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात कीटोन वाढतात. साखर, मैदा, साबुदाणा, फळांचे रस मात्र खुशाल सोडा. ताटभर भाताऐवजी एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, दही घ्या. मधल्या वेळी मूठभर फुटाणे. रात्री उपाशी झोपू नका. उपाशीपोटी साखर 95च्या आत, जेवल्यावर दोन तासांनी 120च्या आत हवी. तरीही वाढली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं, तर घाबरू नका. ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही.