तुरीची पेरणी आणि दिवसाची लांबी
(शालेय बागेतील निरीक्षणपाठ)

मृगाचा पाऊस पडताच पेरणीची घाई होते, हे खेड्यातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु त्या घाईचे कारण त्यास सांगता येत नाही. ते स्वतःच्या निरीक्षणातून त्यास उमगावे, हा या पाठाचा हेतू आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर व अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी सोयाबीनचे एकच वाण काही दिवसांच्या अंतराने वेगवेगळ्या वेळी पेरले. मे महिन्यात पेरलेली झाडे आधी फुलावीत, ही साहजिक अपेक्षा होती. परंतु जुलैत पेरलेल्या झाडांप्रमाणे तीही सप्टेंबरमध्येच फुलली. फुलण्याची वेळ झाडाच्या वयावरून नव्हे, तर दिवसाच्या लांबीवरून ठरते, हा निष्कर्ष त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केला.

तुरीच्या मध्यम व उशिरा येणाऱ्या वाणांचा स्वभाव असाच आहे. महाराष्ट्राच्या मध्यभागी २१ जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर २१ डिसेंबरचा सुमारे अकरा तासांचा असतो. दिवस लहान होत गेले म्हणजे तूर फुलावर येते. जूनमध्ये पेरलेल्या तुरीस तोवर वाढण्यास भरपूर अवधी मिळतो. ऑगस्टमध्ये पेरलेली तूर मात्र ठेंगणी असतानाच फुलते. फांद्या थोड्या, म्हणून शेंगाही थोड्या. शिवाय दाणा भरण्याच्या वेळी जमिनीतील ओल कमी झालेली असते.

प्रयोग : शालेय बागेत तुरीच्या एकाच स्थानिक वाणाच्या तीन ओळी लावाव्यात, पहिली शाळा उघडताच पुरेशी ओल होताक्षणी, दुसरी जुलैच्या मध्यास व तिसरी ऑगस्टच्या मध्यास. जमीन, अंतर व निगा तिन्ही ओळींस सारखीच ठेवावी. प्रत्येक ओळीतील पाच झाडांवर खुणेची दोरी बांधून पेरणीची तारीख, पहिल्या फुलाची तारीख, त्या दिवशीची उंची, फांद्यांची संख्या व शेवटी शेंगांची संख्या मुलांकडून वहीत लिहवून घ्यावी. पेरणीपासून फुलापर्यंतचे दिवस मुलांनीच मोजावेत.

शिक्षकांनी दोन गोष्टींचे भान ठेवावे. लवकर येणाऱ्या काही वाणांवर दिवसाच्या लांबीचा परिणाम कमी होतो. म्हणून एका वाणाचा नियम सर्वांस लावू नये. दुसरे असे की, पेरणीस झालेला उशीर हा आळसाचाच परिणाम होय, असे मुलांच्या मनावर बिंबू देऊ नये. पाऊस लांबतो, बियाण्यास पैसा नसतो, दुबार पेरणीचा प्रसंगही येतो. ज्याच्या घरी पेरणी उशिरा झाली, त्या मुलास वर्गात खाली मान घालावी लागली, तर पाठ फसला असे समजावे. उशिरा पेरलेली झाडे लहान राहतात. म्हणून ओळींतील अंतर कमी करून झाडांची संख्या वाढविल्यास नुकसान काही अंशी भरून निघते, हा उपायही त्यास अवश्य सांगावा.

प्रश्न :
१. कोणत्या ओळीस फुलण्यास सर्वांत कमी दिवस लागले? का?
२. लवकर फुललेल्या झाडास शेंगा अधिक लागतातच काय?
३. उशिरा पेरताना ओळी जवळ का घ्याव्यात?